पांढऱ्या चादरीखाली

चाळिसाव्या दिवशी जुईला
रुवीतल्या फोटो स्टुडिओत नेलं.
पासपोर्टसाठी हवं होतं: डोळे उघडे, तोंड मिटलेलं,
मागे पांढरं, आणि दुसरं कुणी दिसता कामा नये.
पण हिला मान कुठे धरता येत होती?
फोटोवाल्यानं माझ्यावर चादर टाकली,
मी आतून हात घालून तिची मान सावरली.
फोटोत ती एकटीच आहे,
मामलेदारासारखी जरा वैतागलेली.

हेरंब चौदा दिवस फहूदच्या तेलविहिरींवर, चौदा दिवस घरी.
आला की बूट सोडता सोडता विचारायचा, "ही कोण?"
थट्टाच ती. पण मुलगी खरोखर निराळी असायची.
गेला तेव्हा मुठी वळून झोपणारी,
आला तेव्हा एसीच्या हिरव्या दिव्याशी
हुंकार देत भांडणारी.

मला मात्र काही वाढताना दिसलं नाही.
मी रोज होते ना.
मला दिसली ती आखूड झालेली झबली,
आणि सहाणेवरची गुटी:
हळकुंडाचे दोन वेढे होते, त्याचे पाच झाले,
वेखंड निम्मं झिजलं.
(ते वेखंड विमानतळावर हुंगून
कस्टमवाल्यानं विचारलं होतं, हे काय?
मला हिंदीतसुद्धा सांगता आलं नव्हतं.)

जूनमध्ये इथं दोन्ही तोट्यांना चटके देणारं पाणी.
तिच्या अंघोळीची बादली रात्रीच भरून ठेवायची.
आई फोनवरून सांगायची, तेल थिजलं असेल तर कोमट कर गं.
इथं तेल थिजत नाही, आई.
वरच्या मजल्यावरच्या उम्म सालिमनं लोबानाचे खडे दिले,
धुरी त्याचीच. जावळाला अजून तो वास आहे.

दवाखान्यातल्या गुलाबी कार्डावर
नर्स दर खेपेला एक टिंब काढायची.
पाचव्या महिन्यात टिंब घसरलं.
त्या रात्री मी कार्ड उशाशी घेऊन झोपले,
झोपले म्हणजे काय,
तिचा श्वास मोजत राहिले.

आठव्या महिन्यात हेरंबला बघून ती किंचाळली.
त्यानं दाढी केली. शर्ट बदलला.
तरी तेच.
मग तो भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर बसला,
दुसऱ्याच्या घरी वाट बघत बसावं तसा.
अर्ध्या तासानं ती रांगत गेली
आणि त्याच्या मोज्याचा सुटलेला दोरा
तिनं तोंडात घातला.
तो हलला नाही. मीही चहा ओतायची थांबले.

आणि मग तो मंगळवार.
समोरच्या शैलाचेची दारात चपला काढत होत्या.
जुईनं तांदळाच्या गोणीवरचा हात सोडला,
एक, दोन, तीन पावलं,
आणि चपलांवर धप्पकन बसली.
मी फोन उचलला. खाली ठेवला.
चेची बघत होत्या माझ्याकडे.
"सांगणार त्याला?"
मी गोणीचं तोंड दुमडत राहिले.

तो आला शुक्रवारी.
सोफ्यापासून त्याच्या गुडघ्यापर्यंत ती चालली,
आणि तो असा ओरडला की चेची धावत आल्या,
गालावर हात ठेवून चकित झाल्या,
लागतं त्यापेक्षा जरा जास्तच.
"पहिलं पाऊल!" तो म्हणत होता,
"माझ्यासमोर टाकलं, बघितलंस?"
बघितलं, म्हटलं.
खोटं नव्हतं तेही.

वाढदिवसाला देवरुखला निघालो.
खिडकीतल्या अधिकाऱ्यानं फोटो बघितला,
मग तिला:
चार दात, एक शेंडी, त्याच्या पेनकडे झेपावलेली.
"हीच?"
"हीच."
त्यानं पुन्हा फोटो बघितला,
म्हणून मीही वाकून बघितला.
मानेजवळ चादर थोडी उंच आहे.
इतके दिवस मला ती सुरकुती वाटायची.